कशेळीच्या पुलापलीकडचं बेट

डिसेंबरच्या सुट्टीआधी नाशिकहून पुतण्याचा फोन आला. मुलांना बेट बघायचंय, सूनबाईंना संग्रहालयं आवडतात, आणि त्याला स्वतःला किल्ल्यांचं वेड. अंदमानच्या विमानाचे दर बघून बेत मोडला होता. "काका, चार दिवस तुमच्याकडे उतरतो. एक दिवस घारापुरी, बाकीचं तुम्ही सांगा." मी म्हटलं, "ये. माझ्या गच्चीवरून बेट दिसतं."

तो हसला. काल्हेरच्या गच्चीवरून काय दिसतं ते त्याला ठाऊक होतं. गोदामांचे पत्रे, मेट्रोचे खांब, कंटेनरांची रांग, मग तिवरांचा हिरवा पट्टा आणि त्यामागे करडी खाडी. खाडीपल्याड बाळकुम-कोलशेतचे टोलेजंग मनोरे. पण मी थापा मारत नव्हतो. ते मनोरे बेटावरच उभे आहेत.

उल्हास नदी कल्याणकडून येते आणि ठाण्यापाशी तिच्या दोन वाटा होतात. एक चिंचोळा फाटा कळव्याच्या बाजूने दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत जातो. मोठा प्रवाह काल्हेर, नागला, घोडबंदर असा वळत वसईच्या मुखाशी समुद्राला मिळतो. ही दोन पाणी आणि समुद्र यांच्या कचाट्यात जी जमीन सापडली ती साष्टी. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी, अशी फोड करतात. गोव्यातल्या साष्टीचीही तीच फोड सांगतात, त्यामुळे फिरंग्यांच्या काळातलं काही वाचताना कुठली साष्टी ते आधी बघून घ्यावं लागतं. साष्टीच्या खाली मुंबईची सात बेटं होती. भराव पडत पडत त्यांचं एक झालं. शीवची वाट झाली, १८४५ मध्ये माहीमचा रस्ता झाला आणि मुंबई साष्टीला जोडली गेली. भोवतीचं पाणी मात्र हटलेलं नाही. आम्ही काल्हेरकर रोज सकाळी कशेळीचा पूल ओलांडून बेटावर नोकरीला जातो आणि रात्री मुख्य भूमीवर झोपायला येतो. गर्दीत अडकल्यावर याचं कौतुक वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

पुतण्यानं दुसऱ्या दिवशी यादी पाठवली. घोडबंदर, वसई, वांद्रे, शीव, शिवडी, माहीम, वरळी, मढ, सेंट जॉर्ज. त्याखाली सहा संग्रहालयं. चार दिवसांत पंधरा ठिकाणं. अशा याद्या मीही एके काळी केल्या आहेत. संध्याकाळी पोरं पेंगतात, बायको बोलत नाही, आणि आठवड्यानं फोटो बघताना कुठला बुरूज कुठला ते आपल्यालाच सांगता येत नाही. काळा दगड, उगवलेला पिंपळ आणि पुरातत्त्व खात्याची निळी पाटी सगळीकडे सारखीच.

असं होतं याचं कारण साधं आहे. किल्ला रिकामा असतो. त्यातली माणसं गेली, तोफा गेल्या, देवळं-चर्चं पडली, कागद जळाले किंवा कुणी उचलून नेले. उलट संग्रहालयात वस्तू असते, पण तिची जागा नसते. काचेच्या पेटीतल्या मूर्तीला ना गाभारा, ना पायऱ्या, ना गावाचा वास. म्हणून मी पाहुण्यांना एकच सांगतो: किल्ले मोजू नका, जोड्या लावा. एक रिकामी जागा निवडा आणि तिथली वस्तू आज कुठे आहे ते शोधून तिथेही जा. दोन्ही बघितलं की एक ठिकाण पुरतं बघून होतं. तेवढं जमत नसेल तर दोन्ही सोडून समुद्रावर जावं, भुर्जीपाव खावा, पोरं तरी खूश.

दीवचं उदाहरण घ्या. तेही बेट, आणि तिथला पोर्तुगीज किल्ला बघायला आपल्याकडची मंडळी हौसेनं जातात. गुजरातच्या बहादुरशहासाठी १५३३ मध्ये ओतलेली दीवची प्रचंड तोफ आज त्या किल्ल्यात नाही, लिस्बनच्या लष्करी संग्रहालयात आहे. तिथे तिचं नावच 'दीवची तोफ' असं पडलंय. याच बहादुरशहानं मोगलांच्या भीतीनं डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि साष्टी पोर्तुगिजांना लिहून दिली आणि दोनेक वर्षांनी दीवच्याच समुद्रात तो बुडून मेला. म्हणजे आमच्या खाडीवर पुढची दोनशे वर्षं फिरंग्यांचं निशाण फडकलं त्याचं मूळ दीवपाशी, आणि दीवची तोफ लिस्बनला. ही अशी गाठ सापडली की किल्ला बोलायला लागतो.

साष्टीसाठी मी पुतण्याला साल निवडून दिलं, १७३७. एका सालाच्या दोरीला किती किल्ले आणि किती वस्तू ओवल्या जातात बघ म्हटलं.

सुरुवात आमच्याच काठावरून. काल्हेरपासून जवळच अणजूर आहे. तिथल्या गंगाजी नाईक अणजूरकरांनी आणि त्यांच्या भावांनी पोर्तुगिजांच्या धर्मछळाला कंटाळून पुण्याचा दरवाजा ठोठावला आणि बाजीरावाला या मुलखाची खडान्‌खडा माहिती दिली. कुठे उतार आहे, कुठल्या बुरुजाचं काम अर्धवट आहे, कुठल्या गावातली माणसं आपल्याला मिळतील, ही माहिती पुण्यातल्या सरदाराला असणार नाही. ती खाडीत होडी हाकणाऱ्यालाच असते. नाईकांचा वाडा आणि त्यातला गणपती अणजुरात आहे. वाड्यात जाताना आपण कुणाच्या घरी जातोय हे भान ठेवावं, एवढंच. वाटेत कांबे, पिंपळास, जुनांदुर्ग अशी नावं लागतात. ही सगळी खाडीवरच्या पहाऱ्याची ठिकाणं, आज बहुतेक ठिकाणी चार दगड. सुट्टीत ती बघू नयेत. नकाशावर मात्र ती टिंबं लावून बघावीत, म्हणजे पाण्याच्या दोन्ही काठांवर कशी साखळी होती ते कळतं.

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी खाडी ओलांडली आणि ठाण्याचा किल्ला घेतला. पोर्तुगीज तेव्हा तो बांधतच होते, बांधकाम पुरं झालं नव्हतं. हा किल्ला तुम्हाला आत जाऊन बघता येणार नाही, कारण त्यात ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. तरी मी पाहुण्यांना आधी तिथेच नेतो. बाहेरून, दहा मिनिटं. कॅमेरा खिशात. ठाण्याच्या गर्दीत रिक्षावाले, वकिलांचे काळे डगले आणि कैद्यांचे डबे घेऊन थांबलेल्या बायका यांच्यामागे एक जाडजूड दगडी तट जातो. या तटानं जेवढं पाहिलंय तेवढं साष्टीवरच्या दुसऱ्या कुठल्याच किल्ल्यानं पाहिलं नसेल.

१७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी तो मराठ्यांकडून घेतला. त्या वेढ्यात त्यांचा आरमारी अधिकारी जॉन वॉटसन मारला गेला. पुढे १७८७ मध्ये किल्ल्यात काही बांधकामासाठी खणताना तांब्याचे पत्रे निघाले. ते शिलाहार राजा अरिकेसरीचं दानपत्र निघालं, शके ९३९ म्हणजे इसवी सन १०१७ चं. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या पहिल्याच खंडात ते छापलं गेलं. भारतातल्या ताम्रपटांचा अभ्यास बाल्यावस्थेत होता त्या काळातली ही गोष्ट. म्हणजे फिरंग्यांनी ज्या जमिनीवर तट उभारला तिच्या पोटात सातशे वर्षांपूर्वीचं दानपत्र पडून होतं.

आणि १८१६ ची ती रात्र. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे या किल्ल्यात कैदेत होते. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवले होते, देशी शिपाई फितूर होतील म्हणून. हाच शहाणपणा अंगाशी आला. एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार घोडा फिरवायला म्हणून खिडकीखाली यायचा आणि गाणी म्हणायचा. पळायचं कसं आणि कुठे, घोडे कुठे उभे आहेत, हे सगळं त्या गाण्यांत. पहारेकरी मराठी गाणं ऐकत उभे राहिले, कळत काहीच नव्हतं. सप्टेंबरमधल्या पावसाच्या रात्री त्रिंबकजी निसटले. काही वर्षांनी बिशप हेबर या भागात आला तेव्हा ही हकिगत लोक रंगवून सांगत होते, आणि त्यानं ती आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली. याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी नाशिकच्या जॅक्सन वधाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं. नाशिककर पुतण्या तिथे बराच वेळ गप्प उभा होता. मुलांनी मात्र विचारलं, "आजोबा, यात तिकीट किती आहे?" मी सांगितलं, यात फुकट जाता येतं, बाहेर येणं अवघड.

ठाण्याहून घोडबंदर. रस्त्यानं गेलात तर घोडबंदर म्हणजे वाहतूक कोंडी. रस्त्याच्या बाजूनं किल्ल्याकडे बघणं हीच मुळात चूक आहे. हे सगळे किल्ले पाण्याकडे तोंड करून बसलेत, रस्ता त्यांच्या पाठीमागून गेलाय. म्हणून कुठल्याही खाडीकाठच्या किल्ल्यात पहिलं काम करायचं ते म्हणजे जंग्यांतून बाहेर बघायचं. तोफेचं तोंड ज्या दिशेला, तिकडे त्या किल्ल्याचा शत्रू किंवा गिऱ्हाईक. घोडबंदरच्या टेकडीवरून उल्हासचा अख्खा पट्टा दिसतो, समोर वसईचा काठ. अरबी घोडे इथे उतरत म्हणून घोडबंदर, असं सांगतात. इथून कल्याण-भिवंडीकडे चढणारं प्रत्येक गलबत नजरेखालून जायचं. भरतीच्या वेळेला जा, हे मात्र अगदी आवर्जून सांगतो. ओहोटीत समोर चिखल आणि कुबट वास, आणि इथे कुणी किल्ला कशाला बांधला असेल हेच कळत नाही. उधाणाच्या दिवशी पाणी तिवरांच्या गळ्याशी येतं आणि सगळं लख्ख समजतं. पंचांग बघून किल्ल्यावर जाणारा मी एकटाच नसेन अशी आशा आहे.

अलीकडे या किल्ल्याची डागडुजी झालीय. काही लोकांना नव्या दगडांचा राग येतो. मला पडझडीचं एवढं प्रेम नाही. पण नवं आणि जुनं वेगळं ओळखू आलं पाहिजे. तुमच्याबरोबर मुलं असतील तर त्यांना तेच शोधायला लावा, एक तास निघतो.

दुसऱ्या दिवशी वसई. काल्हेरहून वसईला जायचं तर लोक गाडी काढतात. मी पाहुण्यांना अंजूरफाट्याला भिवंडी रोड स्टेशनवर नेऊन दिवा-वसई गाडीत बसवतो. गाड्या मोजक्या, वेळ बघूनच जावं लागतं. पण खारबाव, कामण रोड, जूचंद्र करत ही गाडी खाडीच्या उत्तर काठानं जाते. मिठागरं, खाजणं, अधूनमधून पाण्याची चमक, पलीकडे साष्टीचे डोंगर. वसईच्या मोहिमेतली माणसं याच अंगानं वावरत होती. दुसरी वाट पाण्याची. भाईंदरहून वसई किल्ल्याच्या धक्क्यापर्यंत २०२४ पासून रो-रो बोट सुरू झालीय. गाडीसकट जाता येतं आणि किल्ल्याकडे समुद्राच्या बाजूनं जायचं सुख मिळतं. ही दोन्ही साधनं जमवावीत, जाताना एक, येताना दुसरं.

वसईला किल्ला म्हणणं तसं चुकीचं. ते तटात कोंडलेलं शहर होतं. आत रस्ते, चौक, कचेऱ्या, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आणि जेसुइट पंथांचे मठ, सात-आठ पिढ्यांचे संसार. चर्चच्या फरशीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेली थडगी आहेत, त्यांच्यावरून शेळ्या जातात आणि लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपीही. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानला गेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. पुढे त्याला संत म्हणून मान मिळाला. आतल्या एका पडक्या चर्चला लोक अजून त्याच्या नावानं ओळखतात. गाइड मिळाला तर ऐका, पण भुयाराची गोष्ट सुरू झाली की पाणी प्यायला जा. आपल्याकडे प्रत्येक किल्ल्यात एक भुयार असतं आणि ते नेहमी दुसऱ्या किल्ल्यातच निघतं.

ठाणं पडल्यावरही वसई दोन वर्षं झुंजली. खाडीच्या मुखावर, साष्टीच्या टोकाला, उत्तनजवळ धारावीची टेकडी आहे. ती मराठ्यांनी घेतली तशी वसईची रसद आवळली गेली. चिमाजी आप्पांनी सुरुंग लावून बुरूज फोडले आणि मे १७३९ मध्ये वसईनं हात टेकले. तहाप्रमाणे पोर्तुगिजांना सन्मानानं, बायकामुलं आणि चीजवस्तू घेऊन जाऊ दिलं. किल्ल्यात चिमाजी आप्पांचा पुतळा आहे, तो बघून बहुतेक सहली परततात. माझ्या मते सहल तिथून पुढे सुरू व्हायला हवी. त्या चर्चांमधल्या घंटा कुठे गेल्या?

त्या देवळांत गेल्या. विजयाची खूण म्हणून सरदारांनी त्या उतरवून नेल्या आणि आपापल्या मुलखात देवाच्या दारी टांगल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर एक आहे. भीमाशंकरला एक आहे. ज्या घंटेनं वसईत प्रार्थनेची वेळ सांगितली तिनं घाटावर आरतीला साथ दिली. संग्रहालय म्हटलं की आपल्याला तिकीटखिडकी आठवते. पण ऊन-पाऊस खात, रोज वापरात असलेली ही वस्तू कुठल्याही काचेच्या पेटीतल्या वस्तूपेक्षा कमी बोलत नाही. पोर्तुगीज काळातल्या चर्चमधलं लाकडी कोरीवकाम, मूर्ती, पूजेची भांडी बघायची असतील तर गोरेगावला सेंट पायस कॉलेजच्या आवारात मुंबई धर्मप्रांताचं वारसा संग्रहालय आहे. फार लोकांना माहीत नाही. आधी फोन करून जावं. वसईची उघडी भिंत बघून आल्यावर तिथला एखादा रंगवलेला लाकडी संत बघा, म्हणजे त्या भिंतीला रंग चढतो.

१७३७ ची दोरी अजून एका टोकाला जाते, आणि ते टोक मला सगळ्यात आवडतं. शीवजवळ धारावीत रीवा किल्ला आहे, लोक त्याला काळा किल्ला म्हणतात. (ही धारावी निराळी, उत्तनची निराळी. नावांच्या बाबतीत साष्टी फार कंजूष.) मिठीच्या काठी, वस्तीच्या गराड्यात एक एकटा बुरूज. त्यावर इंग्रजीत पाटी कोरलीय, मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या हुकमानं बांधला, साल १७३७. इकडे मराठे ठाण्यात शिरले, तिकडे त्याच वर्षी इंग्रजांनी आपल्या बेटाच्या उंबऱ्यावर पहारा बसवला. दोन वर्षांनी वसई पडली तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढली आणि कोटाभोवती खंदक खणायला घेतला. वांद्र्याचा पोर्तुगीज किल्ला मराठ्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी सुरुंग लावून तो निकामी केला. आणि कॅप्टन इंचबर्डला चिमाजी आप्पांकडे तह करायला पाठवलं. आज वांद्र्याला लोक सूर्यास्त बघायला जातात. जावं. पण ती भिंत तशी का मोडलीय ते ठाऊक असलं की सूर्यास्तही जरा वेगळा दिसतो.

कोटाची ती तटबंदी १८६० च्या दशकात पाडली. सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात तिचा तुकडा उरलाय. बाकी 'फोर्टात' किल्ला नाही, नुसतं नाव आहे. यादीतून मी तो खोडला. शिवडी, माहीम, वरळी, मढही खोडले. वाईट आहेत म्हणून नव्हे. १७३७ च्या गोष्टीत त्यांच्याकडे सांगण्यासारखं थोडं आहे. पुतण्या कुरकुरला. त्याला म्हटलं, पुढच्या वेळी आरमाराचं साल निवडू, तेव्हा ते येतील.

सूनबाईंना मात्र लढाया नको होत्या. त्यांच्यासाठी वेगळी जोडी. साष्टीच्या मधोमध, राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत आणि त्यांत कल्याण आणि सोपाऱ्याचे लोक आहेत, म्हणजे आमच्या खाडीच्या दोन टोकांची माणसं. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणचा व्यापारी याच पाण्यानं येऊन साष्टीच्या डोंगरात पाण्याचं टाकं खोदवून देत होता. कान्हेरीत मूर्तींपेक्षा ती टाकी आणि त्यांच्याकडे पाणी नेणाऱ्या खडकातल्या चरी बघाव्यात. मग काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावं. १९०५ मध्ये पायाभरणी झाली, पहिल्या महायुद्धात या इमारतीत लष्करी दवाखाना होता, आणि लोकांसाठी ते १९२२ मध्ये उघडलं. तिथे सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो उजेडात आणला. शिवाय तिथे घारापुरीची भग्न शिल्पं आहेत.

संग्रहालयात सगळं बघायचा हट्ट धरू नये. तीन वस्तू ठरवाव्यात, बाकीच्या दिसल्या तर दिसल्या. आणि वस्तूखालची पाटी वाचताना शतक, शैली हे सोडून आधी प्राप्तिस्थानाची ओळ वाचावी. सोपारा, घारापुरी, कान्हेरी, परळ... आपण ज्या स्टेशनावरून रोज जातो त्याचं नाव तिथे दिसलं की पाय आपोआप थांबतात. परळचा तो अवाढव्य शिव १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात निघाला. मूळ मूर्ती गावकऱ्यांनी देवळातच ठेवून घेतली आणि संग्रहालयात तिचा साचा गेला. मला यात गावकऱ्यांचंही पटतं आणि संग्रहालयाचंही.

घारापुरीसाठी मुलांना वेगळं आमिष लागलं नाही, बोट पुरे. पण तिचीही जोडी आहे आणि ती राणीच्या बागेत. पोर्तुगिजांनी घारापुरीला हत्तीचं बेट म्हटलं ते तिथल्या एका दगडी हत्तीवरून. तो हत्ती इंग्रजांनी १८६४ मध्ये विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना क्रेन मोडली, हत्ती कोसळून तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या बागेत आणून टाकले आणि १९१४ मध्ये जुळवून हत्ती उभा केला. आज तो डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. जवळ जाऊन बघितलं की सांधे दिसतात. मोडलेली बरणी घरी चिकटवतात तसा तो आहे, अंगावर सगळीकडे शिवण. शाळांच्या सहली त्याच्यासमोरून पेंग्विन बघायला पळत जातात. आमच्या मंडळींना मी आधी घारापुरीला नेलं, तिथे हत्ती कुठे आहे ते शोधायला लावलं. सापडेना. मग भायखळ्याला तो दिसला तेव्हा धाकटी ओरडली, "अगं आई, हा इथे आलाय!" संग्रहालयाची इमारत १८७२ मध्ये खुली झाली, आतले मातीचे छोटे पुतळे आणि मुंबईचे नकाशे मुलांना गुंतवतात. बेटं कशी जोडली गेली ते तिथे बघितल्यावर कशेळीच्या पुलाचं महत्त्व मला वेगळं सांगावं लागलं नाही.

वारांचा घोळ मात्र होतोच. घारापुरी आणि कान्हेरी सोमवारी बंद, भायखळ्याचं संग्रहालय बुधवारी. एकदा मी पाहुण्यांना घेऊन भर उन्हात एका बंद दारापर्यंत गेलो होतो. पाहुणे अजून तीच सहल आठवतात. किल्ल्यावर पाणी आपलं न्यावं, वसईत सावली मिळते पण नळ नाही असं धरून चालावं. गुडघेदुखीची माणसं बरोबर असतील तर घोडबंदर आणि वसई चालेल, कान्हेरीच्या पायऱ्यांचा विचार करावा. पावसाळ्यात खाडी देखणी, पण दगड शेवाळलेले. माझं मत नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

चौथ्या दिवशी कुणालाच पूल ओलांडायचा नव्हता, म्हणून आमच्याच काठानं वज्रेश्वरीला गेलो. वसई मिळाली तर देऊळ बांधीन असा नवस चिमाजी आप्पांनी देवीला केला होता. देऊळ किल्ल्यासारखं आहे, तट, दरवाजा आणि चढायला बावन्न पायऱ्या. भिवंडी तालुक्यातच आहे. रिकाम्या किल्ल्याच्या बदल्यात भरलेला किल्ला बघून सहल आटोपली. पायऱ्यांवर मुलांनी वडे खाल्ले.

आठवड्यानं पुतण्याचा फोन. पंचवटीत गोदावरीच्या काठी नारोशंकराचं देऊळ आहे. त्याच्या दारावरची घंटा नाशिकला सगळ्यांना माहीत आहे. पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं ते बघतात आणि नारोशंकराच्या घंटेला लागलं का ते विचारतात. लहानपणी पुतण्यानंही विचारलेलं. "काका," तो म्हणाला, "आज मुलांना घेऊन गेलो होतो. मान वर करून नीट वाचलं. तिच्यावर साल आहे, १७२१. ही वसईची आहे."

मागून धाकटीचा आवाज येत होता. तिला जोडीचं दुसरं टोक बघायला परत काल्हेरला यायचं होतं.